मुठीतले चणे : बार्देशातल्या एका खुरसापुढे सांगितलेली कथा

म्हापशापासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका वाड्यावर हे घडले. वाड्याचे नाव लिहीत नाही आणि माणसांचीही नाही. लिहायला त्यांनी होकार दिला आहे, नावे छापायला मी विचारलेलेच नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जन्म सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती घरातला, नोकरी गोव्यातल्या मराठी शाळांत, आणि गेली कित्येक वर्षे रविवारी मुलांना दौत्रिन, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे धडे, शिकवते. आपली श्रद्धा दुसऱ्या समाजातल्या माणसापुढे गोष्टीतून कशी ठेवावी, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यावर शिबिरांतून पुष्कळ ऐकले होते. पण एकच गोष्ट, एकाच अंगणात, दोन वर्षांत दोनदा सांगितली तेव्हा जे कळले ते शिबिरात कळले नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अंगण आणि माणसे

गोव्यात वाड्यावाड्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, असतो. मे महिना लागला की त्याला चुना काढतात, अबोलीचे झेले चढवतात. ३ मे हा खुरसाच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा, जुना दिवस. त्या सुमारास संध्याकाळी लादाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, होते. मेस्त, म्हणजे चर्चचा गायनशिक्षक, व्हायोलिनवर सूर धरतो, एक जण लॅटिनमधली आवाहने म्हणतो आणि सगळे मिळून ‘ओरा प्रो नोबीस’ असे उत्तर देतात. म्हणजे, आमच्यासाठी प्रार्थना कर. संपल्यावर उकडलेले चणे वाटतात.

ज्या घरासमोर हा खुरीस आहे त्या घराच्या मागे भाड्याच्या आठ खोल्या आहेत. राहणारे बहुतेक मराठी बोलणारे: चंदगड, आजरा, दोडामार्ग, सावंतवाडी. पुरुष रंगकाम करतात, फरशी बसवतात, गाड्या चालवतात. बायका आसपासच्या घरांतून धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात. घरमालकीण सत्तरीची आहे, खोल्यांतले सगळे तिला आंटी म्हणतात. लादाईनच्या वेळी ही मंडळी दरवर्षी गडग्यापलीकडे फणसाखाली उभी राहायची आणि चण्यांना आत यायची. एका वर्षी रंगाऱ्याच्या बायकोने विचारले, “आंटी, तुम्ही ते काय म्हणता?” आंटीला सांगता येईना. लॅटिन तिलाही येत नाही, तिने ते आईच्या मांडीवर बसून पाठ केलेले आहे. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला, “तांकां कितें तरी सांग गो मराठींतल्यान.” म्हणजे, त्यांना मराठीतून काहीतरी सांग.

एवढ्यावरून हे सुरू झाले. कुणाला ख्रिस्ती करायचे हा विचार आंटीच्या मनात नव्हता आणि माझ्याही नव्हता. शेजाऱ्याने विचारले, त्याला उत्तर द्यायचे होते. अर्थात ज्या गोष्टीवर माझे आयुष्य उभे आहे ती गोष्ट त्या माणसांना आवडावी, ही ओढ होती. ती मी लपवत नाही.

पहिल्या वर्षी काय झाले

मी उधळ्या मुलाची गोष्ट निवडली, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला १५वा अध्याय. निवडण्याचे कारण साधे होते. दोन भाऊ, जमिनीची वाटणी, घर सोडून गेलेला मुलगा. कोकणातल्या माणसाला यातले काहीच परके नाही.

लादाईन संपली, मी बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, पायरीवर उभी राहिले आणि छापील पुस्तकातून वाचून दाखवले. शाळेत धडा वाचावा तसे, स्पष्ट, सावकाश. वाचून झाल्यावर अर्थ सांगितला: बाप म्हणजे देव, मुलगा म्हणजे आपण. सगळे मिळून वीस मिनिटे. चण्यांचे भांडे माझ्या उजव्या हाताला झाकून ठेवलेले होते आणि लहान मुलांचे डोळे त्या झाकणावर होते. मोठ्यांचेही असतील, पण मोठी माणसे तेवढे दिसू देत नाहीत.

मुलगा परत आला, बापाने त्याला मिठी मारली, इथपर्यंत बरे चालले होते. मग मी वाचले की बापाने नोकरांना पुष्ट वासरू आणून कापायला सांगितले. फणसाखालची कुजबूज थांबली. रंगाऱ्याने मुलीला कडेवर घेतले आणि तो खोलीकडे चालू लागला. रागाने गेला नाही. मान खाली घालून गेला, पाहुण्याघरी नको ते कानावर पडल्यावर माणूस उठतो तसा. त्याच्या बायकोने चणे घेतले, “येते बाई” म्हणाली आणि गेली. बाकीच्यांनीही घेतले आणि गेले. गोष्टीबद्दल कुणी एक शब्द बोलले नाही.

रात्री आंटी म्हणाली की लोकांना आवडले असावे, शांतपणे ऐकले. मला ती शांतता ओळखू येत होती. वर्गात मुलाला काही समजले नाही की तो असाच शांत बसतो.

दोन जनावरे

या गोष्टीत दोन जनावरे आहेत आणि सगळा पेच त्यांच्यात आहे, हे मला त्यानंतरच्या पावसाळ्यात उमगले.

येशूने ही गोष्ट सांगितली ती यहुदी माणसांना. पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी धर्ममार्तंड, कुरकुर करत होते, त्यांना. त्यांच्या लेखी डुक्कर अशुद्ध. बापाच्या घरचा मुलगा परमुलखात डुकरे राखतो आणि त्यांच्या शेंगा खाऊन पोट भरावे असे त्याला वाटते, हे ऐकताना त्या श्रोत्यांना किळस आली असणार. गोष्टीतली सगळ्यात खोल जागा ती. आणि सगळ्यात उंच जागा वासराची. मोठ्या दिवसासाठी खाऊपिऊ घालून वाढवलेले जनावर बाप मुलासाठी काढतो, म्हणजे आनंदाला त्याने काही राखून ठेवले नाही.

आता हीच गोष्ट आंटीच्या अंगणात आणा. आंटीच्या घरात डुक्कर म्हणजे सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ, म्हणजे लग्न, फेस्त, नाताळ. डुकराचे नाव काढले की तिच्या डोळ्यापुढे ताट येते, लाज येत नाही. उलट खोल्यांतल्या हिंदू मंडळींना वासरू कापण्याची गोष्ट ऐकवत नाही. बापाच्या प्रेमाचा जो सर्वांत मोठा पुरावा, तिथेच त्यांचे मन गोष्टीतून बाहेर येते. म्हणजे ज्या जनावराने लाज वाटायला हवी होती त्याने एका घराला भूक लागत होती आणि ज्याने आनंद व्हायचा त्याने दुसऱ्या घरांना वेदना होत होती. शब्द सगळे बरोबर होते, मराठी शुद्ध होती, आणि गोष्ट मात्र उलटी पोहोचली होती.

मी हे एका जाणत्या फादरना सांगितले. ते म्हणाले, “वासरू गाळा हो, मेजवानी केली म्हणा.” सोपा उपाय. पण माझे मन मानेना. गोष्ट माझ्या मालकीची नाही. आज वासरू गाळले, उद्या मला अडचणीचे वाटेल ते दुसरे काही गाळीन, आणि ऐकणाऱ्याला कळणारही नाही की त्याच्यापासून काय झाकले. ऐकणाऱ्याच्या भावना जपायच्या आणि त्याला फसवायचेही नाही, या दोहोंच्या मध्ये मी कित्येक महिने अडकून होते.

सासष्टीतला इंग्रज पाद्री

हा पेच माझ्या आधी चारशे वर्षे कुणाला पडला असेल, तर तो फादर थॉमस स्टीफन्स यांना. विल्टशरचा हा इंग्रज जेसुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांतली बहुतेक त्याने दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत काढली. उत्तरेकडचा बार्देश तेव्हा फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्रींकडे होता आणि सासष्टी जेसुइटांकडे, त्यामुळे आंटीच्या वाड्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे आजच्या राचोलला छापले गेले. १०,९६२ ओव्या, दोन भाग: पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूची. देवनागरी खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या. त्या काळच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत हस्तलिखिते जपली गेली आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये ते पुन्हा छापले गेले. गाऊन, ऐकून, उतरवून टिकलेले पुस्तक आहे हे.

मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा देऊन त्याने मराठीची थोरवी गायली, तेवढे सगळ्यांना माहीत असते. मला दोन वेगळ्याच गोष्टींसाठी तो गुरू वाटतो.

पहिली, त्याने शब्द कसे निवडले. स्वर्गाला त्याने बेधडक वैकुंठ म्हटले. ऐकणाऱ्याच्या कानाला जो शब्द मोठा, तोच त्याने उचलला. पण पवित्र आत्म्याला त्याने इथले नाव दिले नाही, ‘स्पिरितु सांतु’ असे परकेच ठेवले. म्हणजे काही शब्द त्याने घरातले घेतले आणि काही पाहुणे म्हणून पाटावर बसवले. सगळे भाषांतरित करायचे नाही आणि सगळे परकेही ठेवायचे नाही, ही निवड प्रत्येक शब्दापाशी नव्याने करावी लागते.

दुसरी, त्याच्या पुराणात ऐकणारा मुका नाही. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमच्याकडे पुराणे होती, तशी आमच्या भाषेत काही कथा आम्हाला द्या. तिथून कथा सुरू होते. पुढेही श्रोता मध्येच थांबवून शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. मी पहिल्या वर्षी पायरीवर उभी राहून वाचले तेव्हा कुणाला शंका विचारायला जागाच ठेवली नव्हती.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्या ब्राह्मणाने नवी पुराणे मागितली, कारण जुनी त्याच्याकडून गेली होती. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळे पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून फोंड्याकडे गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. १५६० ते १८१२ पर्यंत, मधला छोटा खंड सोडला तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा आरोप ठेवून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, होते. १६८४ मध्ये तर इथल्या लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम निघाला. ख्रिस्ती माणूस गोव्यात हिंदू शेजाऱ्याला आपल्या देवाची गोष्ट सांगायला बसतो तेव्हा हे सगळे त्या अंगणात हजर असते. मी स्टीफन्सवर प्रेम करते आणि तरीही मला हे विसरता येत नाही. म्हणून माझ्यापुरता मी एक नियम घालून घेतला: माझ्या गोष्टीत ऐकणाऱ्याचा देव खाली पडणार नाही, आणि गोष्ट सांगताना माझ्या हातात त्याला हवी असलेली कुठलीही वस्तू असणार नाही.

या नियमाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे चण्यांचे भांडे.

दुसऱ्या वर्षीची तयारी

आंटीला मी म्हटले, चणे आधी वाटायचे. लादाईन संपली की लगेच, सगळ्यांना सारखे. त्यानंतर ज्याला जायचे त्याने जावे, ज्याला बसायचे त्याने बसावे. आंटीला ते पटेना. चणे शेवटीच असतात, तिच्या आजेसासूपासून तसेच चालत आले आहे. मी म्हटले, आंटी, चण्यांसाठी बसलेला माणूस आपली गोष्ट ऐकत नाही, आपले उपकार फेडतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, बरे, पण मग चणे दुप्पट भिजवते, गोष्टीला थांबतील त्यांना खायला तर हवे.

मी पुस्तक घरी ठेवले. गोष्ट पाठ केली नाही, पण डोळ्यापुढे येईपर्यंत रोज स्वतःला सांगितली. घर कसे, उंबरा कुठे, बाप कुठे बसतो, रस्ता कुठून येतो. अर्थ सांगणे पूर्ण काढून टाकले. शेंगांच्या जागी शेंगाच ठेवल्या, फक्त एवढे जोडले की त्या गावचे लोक डुकराला शिवत नसत, आणि भूक एवढी होती की फणस खाऊन जनावरापुढे टाकलेली साले उचलावीत तशी त्याची गत झाली. हे वाक्य खोल्यांतल्या लोकांसाठी होते तेवढेच आंटीसाठीही.

वासराचे मात्र असे ठरवले. गोष्टीत म्हणायचे, ‘मोठ्या दिवसासाठी राखलेले जनावर’. कोकणात राखण द्यायची पद्धत आहे. देवाच्या नावाने कोंबडा, बोकड राखून ठेवतात आणि घरात कितीही नड आली तरी त्याला हात लावत नाहीत. राखलेले जनावर म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. आणि कुणी विचारलेच, कसले जनावर, तर खरे सांगायचे. शब्द मागे ठेवायचा, पण दाराला कडी लावायची नाही.

सुरुवात कशी करावी, याचाही खूप विचार केला. बायकांना व्रताच्या कहाण्या ठाऊक असतात. ‘आटपाट नगर होते’ म्हटले की त्या आपोआप सावरून बसतात, हातात अक्षता घेतात, आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झाले की त्या वाहतात. हा साचा मला खुणावत होता. पण ‘आटपाट नगर’ म्हटले असते तर मी त्यांच्या व्रताचे कपडे माझ्या गोष्टीला घातले असते आणि ते मला बरे वाटले नाही. मी नुसते म्हणायचे ठरवले, “एक बाप होता, त्याला दोन झील.” झील म्हणजे मुलगे.

ती संध्याकाळ

लादाईन झाली, चणे वाटले. निम्मे लोक गेले. रंगारी गेला, बायको आणि मुलगी थांबल्या. फणसाखालून लोक गडग्याच्या आत आले आणि अंगणात बसले. आंटीने दोन चटया टाकल्या होत्या. मीही खाली बसले. दोडामार्गकडची एक म्हातारी, सगळे तिला काकी म्हणतात, माझ्या अगदी समोर बसली. नातवाच्या आजारपणासाठी ती गावाहून आलेली होती.

गोष्ट सुरू झाली. धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली तिथे बायकांनी जीभ चावली. परमुलखातले दिवस सांगताना कुणी हसले. डुकरांपाशी शांतता झाली, पण या वेळची शांतता वेगळी होती. एका फरशीवाल्याने बायकोकडे पाहिले. त्या दोघांनी काय आठवले असेल ते मला माहीत नाही. इतके मात्र मला तिथेच जाणवले की घर सोडून परमुलखात आलेली माणसे माझ्यासमोर बसली आहेत. त्यांच्यासाठी दूरचा देश म्हणजे हेच अंगण.

बाप धावला. राखलेले जनावर काढले. फरशीवाल्याने विचारलेच, “कसलं जनावर, बाई?”

मी म्हटले, “वासरू. त्या देशात तसं चालायचं. तुम्हाला ऐकायला जड जाईल म्हणून मी नाव घेतलं नव्हतं. विचारलंत म्हणून सांगते.”

दोन-तीन क्षण कुणी बोलले नाही. मग काकी म्हणाली, “त्येंच्या मुलखातला ता. फुडे सांग.” फरशीवाला बसून राहिला.

थोरला भाऊ शेतातून आला, घरातून वाजप ऐकू आले, आत जाईना. बाप बाहेर आला, विनवू लागला. थोरला म्हणाला की इतकी वर्षे राबलो, तुम्ही मला कधी बोकडाचे करडूदेखील दिले नाही. इथे अंगणातले लोक एकदम बोलू लागले. थोरल्याचेच बरोबर, असे जवळजवळ सगळ्यांचे मत पडले. जो घरी राहतो, आईबाप सांभाळतो, शेत कसतो, त्याला कोण विचारतो? एक बाई म्हणाली, तिचा दीर गावी अस्साच आहे आणि आम्ही दिवाळीला गेलो की सासू आमच्यासाठीच वडे करते. सगळे हसले, ती हसली नाही.

मी शेवटचे वाक्य सांगितले: हा तुझा भाऊ मेला होता, जिवंत झाला, हरवला होता, सापडला. आणि थांबले. लूकने गोष्ट तिथेच थांबवली आहे. थोरला आत गेला की नाही, हे त्याने लिहिलेले नाही.

काकी वाट पाहत होती. म्हणाली, “सुफळ संपूर्ण म्हण मगे.”

तेव्हा माझे लक्ष तिच्या हाताकडे गेले. उजवी मूठ मिटलेली, गुडघ्यावर ठेवलेली. सगळ्यांनी चणे कधीच खाऊन टाकले होते. तिने एकही खाल्ला नव्हता. मी ‘आटपाट नगर’ म्हटले नव्हते, कुणी तिला अक्षता दिल्या नव्हत्या. पण देवाची कहाणी चालू आहे म्हटल्यावर तिने हातात होते ते दाणे कहाणीचे म्हणून धरून ठेवले होते. चण्यांचे पाणी तिच्या बोटांतून मनगटावर उतरले होते.

मी म्हटले, “काकी, ही कहाणी संपूर्ण होत नाही. थोरला अजून बाहेर उभा आहे.”

“मगे ह्या चण्यांचा काय करू?”

मला उत्तर सुचले नाही. शिकवणारी माणसे अशा वेळी काहीतरी बोलून जातात, मी बोलले नाही याचे आजही समाधान आहे. काकीने थोडा वेळ खुरसाकडे पाहिले, मग ते चणे पदराच्या टोकाला बांधले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

त्यानंतर

या प्रकरणाचा निकाल काय लागला, असे मला दोघा-तिघांनी विचारले आहे. कुणी बाप्तिस्मा घेतला नाही, कुणी चर्चमध्ये येऊ लागले नाही. ईस्टरनंतर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला या खोल्यांतले लोक तेल घेऊन जातात, ते आधीही जात होते. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली मिराबाई, ही कथा त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. शेजाऱ्याच्या देवाला नात्यात ओढून घेण्याची ही रीत गोव्याने कुठल्याही शिबिरात न जाता शिकलेली आहे. रंगारी पुढच्या वेळी बसेल की नाही, मला सांगता येत नाही. त्याला काही स्पष्टीकरण द्यावे असे वाटले होते, पण त्याने मागितलेले नाही.

मी स्वतः एकच गोष्ट तपासली: माझ्याशिवाय ती गोष्ट कुणी सांगते का. आठवड्याने आंटीकडे गेले तेव्हा मागच्या खोलीच्या पायरीवर काकी तांदूळ निवडत होती, जवळ नातू पडलेला आणि रंगाऱ्याची मुलगी बसलेली. काकी त्यांना तीच गोष्ट सांगत होती. मी आंटीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली. पुष्कळसे जसेच्या तसे होते. डुकरे होती, साले होती, करडू होते. जनावराला ती ‘राखणीचा’ म्हणाली. पण तिच्या गोष्टीत एक माणूस वाढले होते. बाप धावत जाऊन धाकट्याला घेऊन आला, आणि थोरला रुसून बाहेर राहिला तेव्हा त्याला आणायला गेली त्याची आवस. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, चल बाबा, जेवण निवता.

इतके सुंदर होते ते, की मला क्षणभर वाटले, राहू द्यावे. मूळ गोष्टीत आई कुठेच नाही आणि कोकणातल्या घरात आईशिवाय अशी भांडणे मिटत नाहीत, तेव्हा काकीने तिला आणले. सांगणाऱ्याने गोष्ट आपली करून घेतली, हेच मला हवे होते ना? पण बोलता बोलता तोंडी गोष्टीतले काय बदलले तर चालते आणि काय बदलले तर गोष्टच दुसरी होते, हा प्रश्न टाळता येत नाही. घर, शेत, फणस, वडे बदलले तर चालेल. बाहेर कोण गेले, हे बदलले तर? वासराच्या वेळी मी ज्या कारणाने ‘मेजवानी’ म्हटले नव्हते, त्याच कारणाने मला आता गप्प बसवेना.

मी जाऊन पायरीवर बसले. तांदळातले दोन खडे काढले. म्हटले, “काकी, तुमची गोष्ट ऐकली. फार गोड सांगता. एक सांगू? पुस्तकात आईचं नाव नाही. थोरल्याला आणायला बापच गेला.”

काकीचे हात सुपात थांबले.

“तोच? जो धाकट्याक आणूक गेल्लो?”

“तोच.”

“म्हातारो दोनदा भायर इलो?”

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, पंचवीसएक वर्षे मुलांना शिकवली. दरवेळी बाप धावतो त्या ओळीवर माझा आवाज भरून येई आणि थोरल्याच्या भागात मी घाई करी. तो बाप जेवणावळ टाकून, पाहुणे टाकून, पुन्हा एकदा उंबऱ्याबाहेर आला, आणि या खेपेला धावण्याजोगा आनंदही नव्हता, समोर तोंड वाकडे केलेला मुलगा होता, हे मी वाचलेले होते. पाहिलेले नव्हते.

काकीने सूप खाली ठेवले. “आमचो बापूस,” ती म्हणाली, “उंबऱ्याभायर पाय टाकूचो नाय. माझो भाव मुंबयसून इलो तेव्हा वसरीवर बसान रवलो. उठाक नाय.” मग नातवाच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि रंगाऱ्याच्या मुलीला म्हणाली, “चुकलंय गो मी. आवस नाय, बापूसच गेलो. परत सांगतंय, आयक.”

आणि तिने पहिल्यापासून सुरू केले.